ॲडमिन असूनही ‘ॲक्सेस डिनाइड’ : एका नकाराची पूर्वपीठिका

विंडोजमध्ये बॅच फाइलवर, म्हणजे एकामागून एक कमांड लिहिलेल्या स्क्रिप्टवर, डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते, दोन ओळी पळतात आणि खिडकी मिटते. वाचायलाही सवड मिळत नाही. मग फाइलच्या शेवटी ‘पॉज’ (की दाबेपर्यंत थांबायची कमांड) घालून ती पुन्हा चालवायची, तेव्हा कुठे दिसतं : ‘सिस्टिम एरर ५ हॅज ऑकर्ड. ॲक्सेस इज डिनाइड.’ स्क्रिप्टला फक्त ‘नेट स्टॉप’ म्हणून एक सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड चालणारा प्रोग्रॅम, थांबवायची होती. आपलं खातं ॲडमिनिस्ट्रेटर गटात आहे, हे दोनदा तपासून झालेलं असतं. तरी नकार.

यावरचा तयार उतारा सगळ्यांना पाठ आहे : राइट क्लिक करा, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणा. पुष्कळदा काम होतंही. पण तेवढ्याने पाचाचा आकडा जातो आणि त्याच्या जागी ‘फाइल सापडत नाही’ येतं, किंवा काहीच न बोलता भलत्या फोल्डरमध्ये लॉग, म्हणजे कामाची नोंदफाइल, तयार होतो. माझ्या मते ‘परवानगी कमी पडली’ हे निदानच अपुरं आहे. विचारायचं ते असं : ही स्क्रिप्ट या क्षणी नेमकी कोण म्हणून चालते आहे? विंडोजमध्ये हा प्रश्न सुरुवातीपासून नव्हता. तो टप्प्याटप्प्याने आला आणि प्रत्येक टप्प्याने आपापली अडचण मागे ठेवली.

बॅच फाइल आली ती डॉसमधून, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, कमांड टाइप करून चालवायच्या ऑपरेटिंग सिस्टिममधून. १९८१ च्या डॉसला ‘वापरकर्ता’ ही कल्पनाच ठाऊक नव्हती. मशीनसमोर जो बसला तो मालक. गंमत म्हणजे तो पाच क्रमांक मात्र तिथलाच आहे. १९८३ च्या डॉस २.० मध्ये फाइल हाताळणाऱ्या कॉल्सना जे एरर क्रमांक मिळाले, त्यांत पाच म्हणजे ‘ॲक्सेस डिनाइड’. पण तेव्हा त्याचा अर्थ साधा होता : फाइल ‘रीड ओन्ली’ आहे, लिहिता येणार नाही. ‘तुम्हाला अधिकार नाही’ असं म्हणायला डॉसकडे ‘तुम्ही’ कोण याची नोंदच नव्हती. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये पासवर्डची चौकट आली, पण घरच्या मशीनवर एस्केप दाबलं की थेट आत. डिस्कवर फाइली मांडायच्या तेव्हाच्या ‘फॅट’ पद्धतीत फाइलचा मालक कोण हे लिहायला जागा नव्हती. या काळात स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या हाताला जी वळणं लागली, ती अजून सुटलेली नाहीत : लॉग प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये टाकायचा, तात्पुरत्या फाइली सी ड्राइव्हच्या तोंडाशी ठेवायच्या, सेटिंग विंडोजच्या फोल्डरमध्ये कोंबायचं.

दुसरीकडे एक निराळंच घराणं उभं राहत होतं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवणारे डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बाहेर पडलं. आज आपल्याला अडवणारी सगळी यंत्रणा मुळात तिथली. प्रत्येक खात्याला आणि गटाला एक लांबलचक ओळख क्रमांक, प्रत्येक फाइलवर आणि रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगच्या कोठाराच्या) कीवर ‘कोणाला काय चालेल’ याची यादी, आणि लॉगिन करताच तयार होणारं टोकन. टोकन म्हणजे गळ्यात अडकवलेलं ओळखपत्र : तुम्ही कोण, कोणत्या गटांत आहात, कोणते विशेष हक्क आहेत. तुम्ही सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला त्याची प्रत मिळते, आणि दारावर तपासणी होते ती त्या प्रतीची, तुमची नाही.

एवढं लक्षात आलं तरी एक नेहमीची तक्रार सुटते. ‘आत्ताच या खात्याला गटात टाकलं, तरी स्क्रिप्ट चालत नाही.’ चालणार नाहीच. टोकन लॉगिनच्या वेळी छापलेलं आहे, त्यात नवा गट नाही. लॉग आउट करून परत आत या.

दोन्ही घराणी ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपीत एकत्र आली. पाया एनटीचा, पण प्रजा विंडोज ९८ ची. त्यांचे जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून सेटअपमध्ये बनवलेलं खातं ॲडमिनिस्ट्रेटर गटात जाई. त्याआधी विंडोज २००० ने ‘रनॲज’ ही कमांड दिली होती : रोजचं काम साध्या खात्याने करा, लागेल तेव्हा एकच प्रोग्रॅम दुसऱ्या खात्याने उघडा. कल्पना चांगली, वापरणारे थोडे. दोन पासवर्ड सांभाळणार कोण? विंडोज ९८ बरोबर आलेल्या स्क्रिप्ट होस्टमुळे डबल क्लिकवर व्हीबीस्क्रिप्ट या भाषेतली फाइल चालू लागली होती, आणि मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाच्या किड्याने त्याचाच फायदा घेऊन जगभरच्या मेलपेट्या भरल्या. ज्याने जोडलेली फाइल उघडली, त्याचे जेवढे हक्क तेवढे त्या स्क्रिप्टचे. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना सुरक्षेला अग्रक्रम द्या असं लेखी कळवलं. त्यातून जे काही घडलं, त्यातला आपल्याशी संबंधित भाग विंडोज व्हिस्टामध्ये दिसला.

व्हिस्टा सामान्य ग्राहकांपर्यंत पोचलं ३० जानेवारी २००७ ला. सोबत यूएसी, म्हणजे युजर अकाउंट कंट्रोल. स्क्रीन काळवंडून ‘परवानगी देता का’ विचारणाऱ्या चौकटीची तेव्हा भरपूर टिंगल झाली. तिच्या आत काय बदललं याकडे मात्र फार थोड्यांनी पाहिलं. ॲडमिन खात्याने लॉगिन केलं की आता एकाऐवजी दोन टोकन तयार होऊ लागली : एक पूर्ण, एक छाटलेलं. छाटलेल्यात ॲडमिनिस्ट्रेटर गटाचं नाव असतं, पण फक्त नकारापुरतं. एखाद्या यादीत त्या गटाला मनाई असेल तर ती लागू होते, परवानगी असेल तर नाही. डेस्कटॉप, एक्सप्लोरर आणि डबल क्लिकने उघडलेली प्रत्येक स्क्रिप्ट या छाटलेल्या टोकनावर चालते. म्हणून ‘मी ॲडमिन आहे’ हे खरं आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ हेही खरं.

प्रोग्रॅमला आपली गरज सांगायची सोय होती : मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकात, ‘ॲडमिनिस्ट्रेटर हवा’ असं लिहायचं, मग चौकट आपोआप येते. बॅच फाइलला मॅनिफेस्ट नाही. ती निव्वळ मजकूर, तिला चालवणारा प्रोग्रॅम वेगळाच. स्क्रिप्टला दारावरची घंटा वाजवताच येत नाही, ही या सगळ्या दुखण्याची नस आहे.

मग उरतं ते राइट क्लिक. त्यात तीन खड्डे आहेत आणि तिन्हींत मी पडलो आहे.

पहिला खड्डा फोल्डरचा. डबल क्लिकने बॅच फाइल चालवली की चालू फोल्डर म्हणजे फाइल असेल तो. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवली की चालू फोल्डर होतो विंडोजमधला सिस्टिम३२. स्क्रिप्टमध्ये नुसतं ‘कॉपी सेटिंग डॉट आयएनआय’ असेल तर ती सिस्टिम३२ मध्ये शोधाशोध करणार. कॉपीचं ठीक आहे. पण ‘डिलीट, तारा, डॉट लॉग’ अशी सगळ्या लॉग फाइली पुसणारी ओळ असेल आणि हातात पूर्ण हक्क असतील, तर काय होईल याची कल्पना करा. माझा हरवलेला लॉग मला तिथेच सापडला होता, नशिबाने पुसापुशीची ओळ नव्हती. उपाय एका ओळीचा, अगदी वरती : ‘सीडी /डी "%~डीपी०"’. टक्का, टिल्ड, डी, पी, शून्य यांचा अर्थ ‘ही फाइल ज्या ड्राइव्हवर, ज्या वाटेवर आहे ती जागा’. फाइल नेटवर्कवरच्या शेअरमध्ये असेल तर सीडी नापास होते, तिथे ‘पुशडी’ घ्यावं. ते तात्पुरतं ड्राइव्हचं अक्षर जोडून देतं.

दुसरा खड्डा झेड ड्राइव्हचा, म्हणजे अक्षर देऊन जोडलेल्या (‘मॅप’ केलेल्या) नेटवर्कवरच्या फोल्डरचा. एक्सप्लोररमध्ये झेड समोर दिसतोय आणि स्क्रिप्ट म्हणते झेड नाहीच. दोन टोकन म्हणजे आतून दोन लॉगिन सत्रं, आणि मॅप केलेले ड्राइव्ह सत्राच्या मालकीचे असतात. छाटलेल्या ‘तुम्ही’ने जोडलेला झेड पूर्ण ‘तुम्हा’ला दिसत नाही. दोन्ही सत्रांचे ड्राइव्ह जोडणारी ‘एनेबल लिंक्ड कनेक्शन्स’ नावाची रजिस्ट्रीतली नोंद आहे. पण स्क्रिप्टमध्ये ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहिणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

तिसरा खड्डा जास्त फसवा. खातं साधं असेल तर चौकट दुसऱ्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड मागते. तो दिला की स्क्रिप्ट बिनतक्रार चालते, फक्त त्या दुसऱ्या माणसाची म्हणून. डेस्कटॉपवर शॉर्टकट टाकायचा होता. तो पडला ॲडमिनच्या डेस्कटॉपवर. ‘करंट युजर’च्या रजिस्ट्रीतलं सेटिंग बदलायचं होतं, बदललं ॲडमिनचं. एरर शून्य. समोरचा माणूस म्हणतो काहीच झालं नाही, आणि त्याच्यापुरतं ते खरंच असतं.

व्हिस्टाने आणखी एक पडदा टाकला. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू पाहणाऱ्या जुन्या ३२ बिटी प्रोग्रॅमना नकार न देता त्यांचं लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ फोल्डरकडे वळवलं जातं. स्क्रिप्टला ही सवलत नाही, तिला सरळ पाच क्रमांक. त्यामुळे प्रोग्रॅम वाचतो एक सेटिंग फाइल आणि तुमची स्क्रिप्ट बदलते दुसरीच, असा प्रकार होतो.

हे सगळं पाहून स्क्रिप्टवाल्यांनी आपली घंटा आपणच बनवली. स्क्रिप्टच्या सुरुवातीला तपासायचं : पूर्ण हक्क आहेत का? नसतील तर टेम्प फोल्डरमध्ये ‘गेट ॲडमिन’ नावाची छोटी व्हीबीस्क्रिप्ट फाइल लिहायची, तिच्याकरवी स्वतःलाच ‘रनॲज’ म्हणून पुन्हा सुरू करायचं. या दहाबारा ओळी एकमेकांकडून उचलत हजारो स्क्रिप्टमध्ये गेल्या. तपासायला बहुतेक जण ‘नेट सेशन’ वापरतात, कारण ती कमांड ॲडमिनलाच चालते. पण ती ‘सर्व्हर’ नावाच्या सर्व्हिसवर अवलंबून आहे. ती सर्व्हिस बंद असली की ‘नेट सेशन’ पूर्ण हक्क असूनही नापास होते, स्क्रिप्टला वाटतं आपण अजून छाटलेलेच, ती पुन्हा स्वतःला चालवते, पुन्हा चौकट, पुन्हा नापास. ‘हो’ म्हणत राहा, चौकटी येत राहतात. खात्रीचा मार्ग ‘हू ॲम आय /ग्रुप्स’च्या उत्तरात एस-१-१६-१२२८८ शोधण्याचा. हा टोकनावरचा उंच पातळीचा, म्हणजे पूर्ण हक्कांचा, शिक्का आहे. ८१९२ दिसलं तर मधली पातळी, म्हणजे छाटलेलं टोकन. गटाचं नाव शोधू नये, कारण जर्मन विंडोजमध्ये तो गट ‘ॲडमिनिस्ट्राटोरेन’ असतो. क्रमांक मात्र सगळीकडे तोच.

पॉवरशेलने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नव्या स्क्रिप्टभाषेने, यात थोडी भर टाकली, थोडा गोंधळही. जेफ्री स्नोव्हर यांच्या कल्पनेतून आलेली तिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००६ ची. सर्व्हर नसलेल्या, रोजच्या वापराच्या विंडोजमध्ये ती मुळात स्क्रिप्ट फाइल चालवूच देत नाही, आणि ‘या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवणं बंद आहे’ असा लाल मजकूर दिसला की लोक सवयीने ॲडमिन म्हणून उघडतात. तो नकार हक्कांचा नाही, एक्झिक्यूशन पॉलिसीचा, म्हणजे स्क्रिप्ट चालू द्यायच्या का या धोरणाचा आहे. ॲडमिन झाल्याने तो हटत नाही, तो धोरण बदलूनच हटतो. चौथ्या आवृत्तीपासून मात्र स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘#रिक्वायर्स -रनॲजॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिता येतं. घंटा ती वाजवत नाही, पण अर्धवट काम करून मध्येच कोसळण्यापेक्षा दारातच थांबते.

२००९ च्या विंडोज ७ मध्ये यूएसीला चार पायऱ्यांची सरकपट्टी आली. ती अगदी तळाला नेली की यूएसी खरोखर बंद व्हायचं. विंडोज ८ पासून तसं होत नाही : तळाला नेलं तर चौकट दिसत नाही, टोकन मात्र दोनच राहतात. ‘यूएसी बंद केलंय तरी ॲक्सेस डिनाइड’ ही कोड्यात टाकणारी तक्रार इथून येते.

चौकट टाळायची म्हणून पुष्कळ जण ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरकडे वळतात आणि ‘सर्वोच्च हक्कांसह चालवा’वर खूण करतात. चांगला मार्ग आहे. फक्त स्क्रिप्ट ‘सिस्टिम’ खात्याने चालवली तर ती सत्र शून्यात, म्हणजे विंडोजच्या सर्व्हिसच्या सत्रात, चालते, आणि व्हिस्टापासून त्या सत्राची खिडकी कोणालाच दिसत नाही. चाचणीसाठी घातलेला तो ‘पॉज’ काढायला विसरलात, तर स्क्रिप्ट कोणीतरी की दाबेल म्हणून वाट पाहत बसते. शेड्यूलर सांगतो, ‘चालू आहे’.

अलीकडे वारं पुन्हा बदललं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी ‘सुडो’ (एकच कमांड पूर्ण हक्कांनी चालवायची युनिक्समधली जुनी सोय) जाहीर केलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ते आलं. युनिक्सवाल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू समजू शकतो. चौकट तिथेही येतेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन’ची घोषणा झाली. त्यात पूर्ण हक्कांचं काम तुमच्या दुसऱ्या टोकनावर न होता विंडोजने स्वतः बनवलेल्या, लपलेल्या वेगळ्या खात्यावर होतं. म्हणजे वरचा तिसरा खड्डा आता स्वतःच्या मशीनवर एकट्या बसलेल्या ॲडमिनसाठीही खोदला जातोय : प्रोफाइलचा फोल्डर वेगळा, डेस्कटॉप वेगळा, ‘करंट युजर’ वेगळा.

आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट निवृत्तीच्या यादीत गेलं. सध्या ते विंडोजमध्ये ऐच्छिक घटक म्हणून आहे, पुढे काढून टाकायचं ठरलं आहे. ‘गेट ॲडमिन’च्या त्या दहाबारा ओळी त्यावरच उभ्या आहेत. आपल्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये ‘व्हीबीएस’ हा शब्द आजच एकदा शोधून पाहा. मी शोधला तेव्हा माझ्याच जुन्या अकरा फाइली निघाल्या, आणि त्यातल्या चारांना ॲडमिन हक्कांची मुळात गरजच नव्हती.