कडक झालेलं रबर: पेट्रोलमध्ये भिजवू नका, कोरडंच आणा
(जुन्या मोटारसायकलींच्या ग्राहकांसाठी माहिती)

आरएक्स १००, येझदी, राजदूत किंवा जुनी बुलेट आमच्या गॅरेजमध्ये घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: कार्ब्युरेटरचं रबर (इंजिन आणि कार्ब्युरेटर जोडणारा जॉइंट) दगड झालंय, मऊ होईल का? बहुतेक वेळा होतं. पण तेच रबर घरी दोन दिवस पेट्रोल, डिझेल, रॉकेल नाहीतर ब्रेक ऑइलमध्ये बुडवून मग आणलं, तर चार-पाच दिवसांचं काम दोन आठवड्यांवर जातं. कधी कधी रबरच हातचं जातं.

पेट्रोलमध्ये रबर लगेच मऊ लागतं, कारण ते फुगतं. आत शिरलेलं पेट्रोल रबराला लवचिक ठेवणारं मूळचं तेल विरघळवून बाहेर काढतं. पेट्रोल उडून गेल्यावर रबरात दोन्हींपैकी काहीच उरत नाही. मग ते आकसतं, आधीपेक्षा कडक होतं आणि क्लॅम्प (आवळायचा पट्टा) बसतो त्या खोबणीत बारीक भेगा पडतात. डिझेल आणि रॉकेल लवकर उडत नाहीत, त्यामुळे रबर फुगलेलंच राहतं. कार्ब्युरेटरच्या तोंडावर ते ढिलं बसतं आणि क्लॅम्प कितीही आवळला तरी सरकतं. असं रबर आलं की साबणाच्या पाण्याने धुऊन आम्हाला ते आठवडाभर नुसतं वाळवावं लागतं. फुगलेलं असताना त्याचा खरा कडकपणा हाताला कळत नाही आणि भेगाही मिटलेल्या असतात, म्हणून त्याआधी काम धरण्यात अर्थ नाही.

आम्ही काय वापरतो हे लपवत नाही. एक भाग गंधपुरा तेल, तीन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. गंधपुरा म्हणजे जवळपास सगळं मिथाइल सॅलिसिलेट, सांधेदुखीच्या मलमाला ज्याचा वास येतो ते. अल्कोहोल त्याला रबराच्या आत नेतं आणि उडून जातं. मिथाइल सॅलिसिलेट २२० अंशांच्या पुढे उकळतं, त्यामुळे ते सहज उडत नाही. आत राहून रबराला लवचिक ठेवतं. घरी करायचं असेल तर शुद्ध तेल घ्या. मालिशच्या तेलात बऱ्याचदा दुसरं तेल मिसळलेलं असतं, ते चालत नाही.

रबर आधी भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. झाकणाच्या काचेच्या बरणीत बुडवा. प्लास्टिकचा डबा नको, काही प्लास्टिक या मिश्रणाने विरघळतं. दर बारा तासांनी काढून दाबून बघा. साधारण एक ते तीन दिवस लागतात. हवा तेवढा मऊपणा आला की थांबा, जास्त ठेवलं तर याच्यातही रबर फुगतं. मग सावलीत किमान एक दिवस ठेवा, म्हणजे ते मूळ मापावर येतं. सकाळी टाकून संध्याकाळी गाडी द्या असं आम्हाला सांगितलं जातं, पण हा वाळवण्याचा दिवस आम्ही वगळत नाही. लवकर व्हावं म्हणून मिश्रण गॅसवर तापवू नका, अल्कोहोलची वाफ पेट घेते. गंधपुरा तेल थोडंसं पोटात गेलं तरी विषारी आहे. बरणी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

कार्ब्युरेटर जॉइंट, एअर फिल्टरचा होज, टाकीखालचं रबर, साइड पॅनलचे ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) यांना याचा चांगला उपयोग होतो. ब्रेकचे रबर कप, ऑइल सील, ओ-रिंग आणि पेट्रोल पाइप आम्ही मऊ करून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. ब्रेक आणि सील नेमक्या मापावर चालतात, आणि चुकलं तर गाडीसोबत माणूसही पडतो. पेट्रोल पाइपचं तर आता जास्तच: २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी जुन्या गाड्यांचे पाइप बनलेलेच नव्हते. इथेनॉल चालणारा पाइप आमच्याकडे मिळतो, तो बदलून घ्या. मागच्या चाकाच्या हबमधलं, धक्का झेलणारं ड्रम रबर दबलेलं असेल तर मऊ होतं, पण आकार परत येत नाही. तेही नवीनच लागतं.

आणण्याआधी रबर वाकवून उजेडात बघा. आरपार भेग असेल किंवा रबर लोखंडी फ्लँजपासून (इंजिनला बोल्टने बसणाऱ्या पट्टीपासून) सुटलेलं असेल, तर ते भिजवून जुळत नाही. उष्णतेने कडक झालेलं रबर पूर्णपणे नव्यासारखं होत नाही, आणि आलेला मऊपणाही कायमचा नसतो. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, चाळिशीपार पारा असताना, गाडी उघड्यावर लावली तर तो लवकर जातो.

डुप्लिकेट जॉइंट स्वस्त मिळतो, मग हा खटाटोप कशाला, असंही विचारतात. तुमच्या मॉडेलचा ओरिजिनल मिळत असेल तर आम्ही स्वतःच तो घ्यायला सांगतो. पण बऱ्याच डुप्लिकेटचा कोन किंवा फ्लँजची भोकं जुळत नाहीत, आणि फटीतून हवा ओढली जाते. टू-स्ट्रोकमध्ये अशी हवा म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणाऱ्या गाडीत ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम होण्याची भीती. बसवल्यावर इंजिन आयडलला ठेवून जॉइंटभोवती पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच जाते आहे.

रबर काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, त्याची कड फाटते. हेअर ड्रायरने कोमट करा, मग हाताने फिरवत काढा. क्लॅम्प सोबत आणा. गंजलेला किंवा वाकलेला असेल तर आम्ही त्याच मापाचा नवीन लावून देतो.