भारंगी तुळशीच्या कुळात कशी आली

पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणात भारंगीच्या कोवळ्या पानांची भाजी होते. पुढे त्याच झुडपाला फिकट निळी फुले येतात. त्यांची खालची एकच पाकळी गडद जांभळी असते आणि चार लांब पुंकेसर धनुष्यासारखे वाकून बाहेर आलेले असतात. भारंगी ओळखणे सोपे आहे. अडते ते कुळापाशी, कारण जुन्या पुस्तकांत ती घाणेरीच्या व्हर्बिनेसी कुळात असते, तर नव्या पुस्तकांत तुळशीच्या लॅमिएसी कुळात.

पश्चिम किनाऱ्यावरच्या वनस्पतींची सविस्तर सचित्र नोंद युरोपात पोहोचली ती १६७८ ते १६९३ या काळात निघालेल्या ‘होर्टुस मलबारिकुस’च्या बारा खंडांतून. कोचीचा डच अधिकारी व्हान रेडे याच्या या कामात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोकणीभाषक जाणकार होते, आणि त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र ग्रंथातच छापलेले आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने पुढे या ग्रंथाचा आधार घेतला खरा, पण १७५३ मधली त्याची वर्गवारी मुख्यतः पुंकेसरांच्या मोजणीवर उभी असल्याने सहा पुंकेसरांचा भात आणि सहा पुंकेसरांची कळलावी एकाच वर्गात जाऊन बसली. शेतकऱ्याला हसू यावे असाच हा शेजार होता.

अनेक लक्षणे एकत्र पाहून नैसर्गिक कुळे मांडण्याची पद्धत १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जुस्यूने रूढ केली. मुंबई इलाख्यात ग्रॅहमची वनस्पतींची यादी १८३९ मध्ये आली, डाल्झेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ १८६१ मध्ये, आणि १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कुक यांची वनश्री, म्हणजे इलाख्यातल्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ. कुक यांच्या ग्रंथात भारंगी व्हर्बिनेसीत आहे, आणि त्याला कारण होते: तुळशीची परागवाहिनी (अंडाशयापासून वर निघणारी फुलातली बारीक नळी) अंडाशयाच्या चार खंडांमधून तळाशी उगवते, तर भारंगीची शेंड्यावरून निघते.

या एका लक्षणावर कुळांची सीमा आखता येत नाही, हे १९९० च्या दशकात रचना आणि जनुके एकत्र अभ्यासल्यावर पक्के झाले, आणि भारंगीबरोबर साग व निर्गुडीही तुळशीकडे गेले. घाणेरी जागीच राहिली. १९९८ नंतरच्या जनुकाधारित वर्गीकरणाने मोठे लिली कूळही फोडले, त्यामुळे कळलावी कोल्चिकेसी कुळात आणि मुसळी शतावरीच्या कुळात गेली.

पाने, देठ, फळे यांची कुक यांनी केलेली वर्णने आजही रानात उपयोगी पडतात. त्यांच्या शेजारी छापलेले कुळाचे नाव तेवढे नव्या यादीशी ताडून घ्यावे लागते.