अग्निशमन केंद्राचे नियोजन

वाढत्या शहरात नवे अग्निशमन केंद्र कोठे, किती क्षमतेचे आणि केव्हा उभारावयाचे हे ठरविण्याच्या प्रक्रियेस अग्निशमन केंद्राचे नियोजन म्हणतात. त्याचा पाया वेळ हा आहे. कृत्रिम धाग्यांच्या गाद्या आणि फोमचे सोफे असलेल्या खोलीत आग लागल्यास अवघ्या काही मिनिटांत छताखालच्या वायूंचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते आणि खोलीतील सर्व वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेट घेतात. त्यानंतर त्या खोलीत कोणी जिवंत राहण्याची आशा उरत नाही. म्हणून बंब त्याआधी पोहोचणे महत्त्वाचे असते.

प्रतिसादाच्या वेळेचे तीन भाग पडतात : नियंत्रण कक्षाने वर्दी (आगीची खबर) नोंदवून केंद्राला कळविणे, जवानांनी तयार होऊन बंब बाहेर काढणे आणि प्रत्यक्ष प्रवास. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या एनएफपीए १७१० या मानकात आगीच्या वर्दीसाठी दुसऱ्या भागास ८० सेकंद आणि पहिल्या बंबाच्या प्रवासास २४० सेकंद धरलेले आहेत. ताशी सरासरी ३० किमी. वेगाने चार मिनिटांत दोनच किलोमीटर अंतर कापले जाते. मात्र नकाशावर कंपासने दोन किलोमीटरचे वर्तुळ काढून केंद्राची हद्द ठरविणे ही मोठी चूक होय. मध्ये नदी असून पूल एकच असेल, किंवा रेल्वेचे फाटक वारंवार बंद राहत असेल, तर समोर दिसणारी वस्तीही बंबासाठी दूरच असते. त्यामुळे रस्त्यांच्या जाळ्यावरून वेळ मोजावा लागतो. ठरावीक संख्येच्या केंद्रांतून अधिकाधिक वस्ती विहित वेळेत कशी आवाक्यात आणावी, याचे गणिती प्रारूप रिचर्ड चर्च व चार्ल्स रेव्हेल या संशोधकांनी १९७४ मध्ये मांडले. तरीही पाण्याने भरलेला बंब गर्दीच्या वेळी नियोजित जागेपासून चालवून पाहण्याला पर्याय नाही.

प्रत्यक्षात फुकट मिळणारा भूखंड हाच अनेकदा निर्णायक ठरतो आणि इथेच नियोजन फसते. आडगल्लीतील जागेमुळे प्रत्येक वर्दीला वाया जाणारे एक मिनिट केंद्राच्या संपूर्ण आयुष्यभर वाया जात राहते. पुढे कितीही चांगली वाहने घेतली तरी ते भरून निघत नाही. यासाठी वस्ती दाट होण्यापूर्वीच विकास आराखड्यात मोक्याच्या रस्त्यालगत जागा आरक्षित करणे श्रेयस्कर असते. ती अगदी चौकात नसावी, कारण सिग्नलला थांबलेल्या वाहनांची रांग केंद्राचे दार अडवते. पूररेषेच्या आतही नसावी.

इमारतीची रचना धावपळीच्या त्या ८० सेकंदांभोवती केली जाते. विश्रांतीच्या खोलीपासून बंबापर्यंतची वाट सरळ व बिनअडथळ्याची ठेवतात. संरक्षक विजार गमबुटांवर खाली सरकवून ठेवलेली असते, म्हणजे पाय बुटात घालून ती एकाच हिसक्यात वर ओढता येते. बंबांच्या गाळ्याला पुढे व मागे अशी दोन दारे असल्यास परतलेले वाहन मागून आत येते आणि रस्त्यावर उलटे घ्यावे लागत नाही. गाळ्याची जमीन भरलेल्या बंबाचे वजन पेलेल इतकी भक्कम लागते. डिझेलचा धूर आणि आगीत माखलेले कपडे यांपासून निवासाची जागा अलग ठेवणे हा आता ऐच्छिक भाग राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमन जवानाच्या कामात घातक पदार्थांशी येणारा संपर्क मानवात कर्करोगकारक ठरविला आहे.

मनुष्यबळाचा हिशेब बहुधा कमी धरला जातो. आठवड्याचे तास १६८ असतात. एक जवान ४८ तास काम करीत असेल, तर बंबावरील एक जागा अखंड भरलेली ठेवण्यास साडेतीन माणसे लागतात आणि रजा व प्रशिक्षण धरता चार ते पाच. चौघांच्या एका पथकासाठी म्हणजे सुमारे १६ ते २० जवान हवेत. एवढी भरती मंजूर नसताना बांधलेली इमारत निव्वळ वाहनतळ ठरते.

नवे केंद्र सुरू होताच जुन्या केंद्रांच्या हद्दी नव्याने आखून नियंत्रण कक्षातील नोंदी त्याच दिवशी बदलाव्या लागतात. अन्यथा नव्या केंद्राशेजारच्या आगीची वर्दीही जुन्याच केंद्राकडे जात राहते.