साहित्यकृतीच्या नाट्यरूपांतराचे नेपथ्य

नाट्यरूपांतराचे नेपथ्य : कादंबरी, दीर्घकथा किंवा महाकाव्य यांवरून नाटक उभे राहते, तेव्हा त्या प्रयोगासाठी केलेली रंगमंचाची दृश्यरचना. भिंती, पायऱ्या, चौथरे, पडदे, सामान, चित्रप्रक्षेपण आणि हे सारे हलवण्याची यंत्रणा असे सर्व काही त्यात येते. नाटककार लिहितानाच रंगमंच डोळ्यांपुढे ठेवतो. स्थळे मोजकी घेतो, पात्रांच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवतो. कादंबरीकाराला असले बंधन नसते. तो एका वाक्यात घरातून बंदरावर जातो आणि पुढच्याच वाक्यात वीस वर्षे मागे.

त्यामुळे नेपथ्यकाराची खरी कसोटी लागते ती स्थळांतरात. संहितेत ४० स्थळबदल असले आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट लागला, तर प्रेक्षकांची २० मिनिटे नुसती अंधारात जातात. कथानकाची लय तुटते ते वेगळेच. या अडचणीवरचा एक जुना उपाय म्हणजे फिरता रंगमंच. जपानच्या काबुकी रंगभूमीवर तो अठराव्या शतकातच रुळला होता. युरोपात कार्ल लाउटेनश्लेगर यांनी १८९६ मध्ये म्युनिक येथे तो बसवला. लंडनमध्ये १९८५ साली व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझराब्ल’ या कादंबरीवरील संगीतिका आली, तेव्हा जॉन नेपियर यांनी फिरत्या रंगमंचाचाच आधार घेतला. वर्षानुवर्षांचा प्रवास आणि पाठलाग त्या चकतीवर न थांबता पुढे सरकत राहतो.

एर्विन पिस्काटोर यांनी बर्लिनमध्ये १९२८ साली यारोस्लाव्ह हाशेक यांच्या श्वेइक या सैनिकाची कथा मंचावर आणली, तेव्हा निवडलेले यंत्र अधिक नेमके होते. त्यांनी मंचावर दोन सरकते पट्टे बसवले. श्वेइक चालत राहतो, पण जागचा हलत नाही. रस्ता, वस्तू आणि माणसे त्याच्यापुढून वाहत जातात. मागच्या पडद्यावर गेओर्ग ग्रोस यांची व्यंगचित्रे. युद्धाच्या यंत्रात सापडलेला माणूस दाखवण्यासाठी यंत्रच वापरले गेले. पट्ट्यांची घरघर मात्र संवादांच्या आड येई. यंत्रणा ठरवताना तिचा आवाज गृहीत धरावा लागतो, हे नेपथ्यकार आजही तालमीच्या शेवटच्या टप्प्यावर शिकतात.

दुसरा मार्ग यंत्राशिवायचा, आणि बहुतेक वेळा तोच सरस ठरतो. मॉस्कोच्या तागान्का नाट्यगृहात बरीस वसील्येव यांच्या महायुद्धावरील दीर्घकथेचा प्रयोग १९७१ मध्ये झाला. नेपथ्यकार दाविद बरोव्स्की यांनी एका लष्करी ट्रकच्या फळ्यांतून जवळजवळ सगळे नाटक उभे केले. ट्रक सुटा होई. त्याच फळ्या न्हाणीघराच्या भिंती होत आणि पुढे जंगलातली झाडे. लंडनमध्ये १९८० साली चार्ल्स डिकन्स यांच्या ‘निकोलस निकल्बी’चे सुमारे साडेआठ तासांचे, दोन भागांतले रूपांतर झाले. तिथेही प्रत्येक ठिकाणाची हुबेहूब खोली बांधणे शक्य नव्हते. नटांनी हाताशी असलेल्या सामानातून घोडागाडी रचली, ती प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, आणि रचण्याची ती क्रियाच दृश्य झाली.

अभिजात कृतीच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. प्रेक्षकांपैकी अनेकांनी पुस्तक वाचलेले असते आणि तो वाडा, तो जिना त्यांनी मनात आधीच बांधलेला असतो. लेखकाचे वर्णन ओळीओळीने मंचावर उतरवणारा नेपथ्यकार त्या चित्राशी स्पर्धा करायला जातो आणि बहुधा हरतो. शिवाय वर्णनातली प्रत्येक वस्तू सारख्या वजनाची नसते. कथेत वारंवार परतणारी, पात्रांच्या हातातून जाणारी किंवा त्यांची वाट अडवणारी वस्तू ठेवावी, बाकीची सोडावी. घराची श्रीमंती दहा झुंबरांपेक्षा एका उंच, जड दाराने लवकर कळते, विशेषतः ते उघडायला पात्राला जोर लावावा लागत असेल तर.

निवेदकाचा प्रश्न मात्र अनेकदा उशिरा सुचतो. पुस्तकातला निवेदक कुठेच उभा नसतो, रंगमंचावर त्याला जागा लागते. ती मंचाच्या पुढच्या कडेला आहे, वरच्या सज्जात आहे, की दृश्याच्या मधोमध, यावरून तो कथेत किती गुंतलेला आहे हे ठरते. निवेदनच गाळले असेल, तर काळ बदलल्याची खूण प्रकाशाने, ध्वनीने किंवा नेपथ्याच्या एखाद्या हालचालीने द्यावी लागते.

कामाची सुरुवात तक्त्याने होते. प्रत्येक प्रवेशाचे स्थळ, वेळ, पात्रे, येण्याजाण्याच्या वाटा आणि लागणाऱ्या वस्तू त्यात मांडल्या की कोणती स्थळे एकत्र करता येतील ते दिसू लागते. मग दिग्दर्शकाशी चर्चा, वरून दिसणारा आराखडा आणि पांढऱ्या पुठ्ठ्याचे मॉडेल. मेट्रिक मापे वापरणारे नेपथ्यकार ते सहसा १:२५ प्रमाणात करतात. रंग नंतर येतो. आधी आला तर सगळे रंगावरच बोलतात आणि जिना चुकीच्या बाजूला असल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. कडेच्या खुर्च्यांवरून काय दिसते हे मॉडेलवरच तपासून घेतात. तालमीच्या खोलीत आराखडा जमिनीवर पट्ट्या चिकटवून आखला जातो, म्हणजे नटांच्या पावलांना मापांची सवय होते. दौऱ्याचे नाटक असेल, तर प्रत्येक भाग गाडीच्या दारातून आत जाईल एवढाच असावा लागतो.