याकिसोबात सोया सॉस? नाही हो!

कित्येक रेसिप्यांमध्ये लिहिलेलं असतं की याकिसोबा म्हणजे सोया सॉसमध्ये परतलेले नूडल्स, पण जपानमध्ये घरोघरी आणि जत्रेतल्या गाड्यांवर जो याकिसोबा मिळतो त्याची मुख्य चव वुस्टर सॉसच्या जातीच्या घट्ट सॉसची असते, म्हणजे व्हिनेगर, फळं-भाज्या, मसाले, त्यामुळे आंबट-गोड. सोया असलाच तर थोडासा. (मिठातला शिओ याकिसोबाही असतो, तोही छानच.)

घरी करताना वुस्टर सॉस, थोडा केचप, जरासा ऑयस्टर सॉस आणि चिमूटभर साखर एकत्र करा, पण शाकाहारी असाल तर ऑयस्टर सॉस (तो कालवांचा असतो) वगळा आणि वुस्टरच्या बाटलीवरही नीट वाचा कारण त्यात बऱ्याचदा अँकोव्ही मासा असतो. तिकडचे नूडल्स आधीच वाफवलेले येतात, आपले मात्र किंचित कच्चे उकडून, निथळून, मग कोबीबरोबर मोठ्या आचेवर परता आणि सॉस अगदी शेवटी घाला, नाहीतर करपतो.