सायकल घेताना आधी आरे वाजवून बघा

जून आला की सोलापुरातही मॉलच्या दाराशी चकचकीत सायकली ओळीने उभ्या दिसतात. २१ गिअर, पुढे-मागे शॉकअप, वर सवलतीची पाटी. मुलं हट्ट धरतात आणि पालकांनाही वाटतं, एवढ्या पैशात एवढं मिळतंय तर बिघडलं कुठे? बिघडतं ते चाकात, आणि ते स्टिकरवर छापलेलं नसतं.

२ मिलिमीटर जाडीचा आरा सुटा घेऊन टोकांनी दाबला तर लगेच वाकतो. मग असे ३६ आरे ७०-८० किलोचा माणूस कसा पेलतात? चाक बांधताना निपल, म्हणजे आऱ्याच्या रिमकडच्या टोकाची छोटी नटासारखी टोपी, पिळून प्रत्येक आरा आधीच ताणलेला असतो. चांगल्या चाकात हा ताण एकेका आऱ्याला साधारण १०० किलो टांगावेत इतका. आपण बसलो की रिम जमिनीपाशी किंचित चपटी होते आणि तिथल्या तीन-चार आऱ्यांचा ताण उतरतो. वरच्यांचा जवळजवळ होता तेवढाच राहतो. खालची ओढ कमी झाली, वरची तशीच राहिली; या फरकावर आपलं सगळं वजन तोललेलं असतं. मला यंत्रांमधली ही सर्वात सुंदर युक्ती वाटते.

२६ इंची चाक किलोमीटरला सुमारे ४८० फेरे घेतं. रोज १० किलोमीटर गेलात तर सात महिन्यांत प्रत्येक आरा दहा लाख वेळा सैल-ताठ होतो. मुळात ताण पुरेसा असेल तर तो हे निभावतो. नसेल तर खाली येताच पार ढिला पडतो, निपल हळूहळू उलटं फिरतं, भार शेजाऱ्यांवर जातो आणि हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकात धातू थकून आरा तुटतो. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, सारखा ताणलेला नसला की कापड बिघडतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. गिअरच्या मागच्या चाकात आणखी एक गुंता आहे: उजवीकडे दातेचक्रांना जागा द्यावी लागते, त्यामुळे तिकडचे आरे जास्त उभे आणि जास्त ताठ, डावीकडचे मुळातच सैल.

म्हणून एकाच बाजूचे आरे बोटाने छेडून बघा. आवाज साधारण सारखा आला पाहिजे. स्वस्त सायकलीत एक टणकन वाजतो, पुढचा नुसता थडथडतो. अशी सायकल घेतलीच असेल तर लिंबू-मिरची बांधण्याआधी मिस्त्रीकडून आरे आवळून, आउट, म्हणजे रिमचं डुगडुगणं, काढून घ्या. शॉकअपचं म्हणाल तर स्वस्त स्प्रिंग वजन वाढवते आणि पायडलवरची ताकद खाते. जुळे सोलापूर ते नवी पेठ जायला २१ गिअर लागत नाहीत.

त्याच पैशात सायकलच्या दुकानातली बिनगिअरची नवी सायकल घ्यावी, किंवा सरळ जुनी काळी. तिच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आरे असतात. ओझं जास्त आऱ्यांत वाटलं जातं. जुनी घेताना रिमला निपलपाशी गंज किंवा तडा नाही ना, ते तेवढं पाहा. स्टीलची रिम ओली झाली की रबरी ब्रेक नीट धरत नाही, तेव्हा पावसात पुढच्या गाडीपासून अंतर राखूनच चालवा.