मिनीडीव्ही टेप कॉम्प्युटरवर घेतली की क्वालिटी जाते? नाही हो!

वर्षानुवर्षं ऐकतोय की हँडीकॅमची टेप कॉम्प्युटरवर घेतली की चित्र खराब होतं, म्हणून भारीतलं कॅप्चर कार्ड (टेपवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवणारं कार्ड) घ्या. व्हीएचएस किंवा हाय८ टेपसाठी हे थोडंफार खरंय, कारण तिथे सिग्नल अ‍ॅनालॉग असतो आणि तो डिजिटल करावाच लागतो. पण मिनीडीव्हीवर (हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल टेपवर) रेकॉर्डिंग मुळातच डिजिटल असतं, आपल्याकडच्या पाल (इथली टीव्ही पद्धत) कॅमेऱ्यात ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला साधारण २५ मेगाबिट, त्यामुळे फायरवायर नावाच्या डिजिटल केबलने (सोनीवाले त्यालाच आयलिंक म्हणतात) घेतलं तर तो डेटा जसाच्या तसा उतरतो, फाइल कॉपी केल्यासारखा. मग कार्ड साधं असो की महाग, टेप धड वाचली जात असेल तर चित्रात फरक शून्य!

उलट पिवळी-पांढरी-लाल वायर लावून यूएसबी डोंगलमधून घेतलंत तर डिजिटलचं अ‍ॅनालॉग आणि परत डिजिटल, खरी वाट तिथे लागते. आणि कॅमेऱ्याला यूएसबी आहे म्हणून खूश होऊ नका, बऱ्याच मॉडेलमध्ये ते फक्त मेमरी कार्डवरचे फोटो घ्यायला असतं.

तासाभराची टेप उतरायला तासच लागतो, जागा साधारण १३ जीबी.